खालच्या पडीवरची जोडी

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांत एखादा तिशीतला बाप्या दुकानासमोर सुटे पैसे मोजत उभा दिसला, मागची रांग चुळबुळली, दुकानदारानं डोळे वटारले, तरी जागचा हलला नाही, तर खुशाल समजावं की तो लहानपणी चंद्रमतीआत्याच्या हाताखालून गेलेला आहे.

आत्याची हयात वीजबिलाच्या खिडकीत गेली. खिडकीच्या डोक्यावर पाटी होती: पैसे इथंच मोजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही. पाटी कचेरीनं लावली होती, पण पाळली ती आत्यानं. चार पावलं पुढं जाऊन परत आलेल्या माणसाला, मग तो कुणा बड्या साहेबाचा मेहुणा का असेना, ती पाटीकडं बोट दाखवायची आणि पुढच्याला हाक मारायची. लोक तिला माघारी काय काय म्हणत ते तिच्या कानावर होतं आणि तिला त्याची तमा नव्हती. लग्न झालेलं नव्हतं. निवृत्तीनंतर ती भाच्याकडं, प्रणवेशकडं, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. त्याची ती आत्या, म्हणून त्याच्या मुलीचीही आत्या, आणि वर्षभरात सगळ्या इमारतीची आत्या.

पैशाच्या बाबतीत तिचं एक ठाम मत होतं. पैसा मुलांना गोवराच्या लसीसारखा वयावारी द्यायला हवा. लवकर दिला तर बाधतो आणि उशीर झाला तर लागू पडत नाही. तीन वर्षांच्या पोराच्या हातात फोन देऊन ‘स्कॅन कर बघू’ म्हणणाऱ्या आईबापांना ती तोंडावर वेडे म्हणायची, आणि इंजिनीअरिंगला गेलेल्या मुलाला फीचा आकडा न सांगणाऱ्यांना त्याहून वेडे. नंदिता, म्हणजे प्रणवेशची बायको, कॉलेजात शिकवायची. तिला पहिल्यांदा हे सगळं जुनाट वाटलं होतं. मग तिची मुलगी लक्ष्मीप्रिया सहाव्या वर्षी भाजीवाल्याला ‘मामा, तुमचा काटा जरा पुसून घ्या’ असं शांतपणे म्हणाली, तेव्हापासून नंदितानं तोंड मिटलं.

हे शिक्षण, ती खिडकीत होती तेव्हापासूनच, चालायचं नवरात्रात, कोलूवर. नवरात्रात तिकडं घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. त्या मांडणीला कोलू म्हणतात आणि पायरीला पडी. सगळ्यात वर कलश आणि देव, त्याखाली अवतार, मग साधुसंत, मग लग्नाची वरात वगैरे, आणि अगदी तळाच्या पडीवर चेट्टियाराचं दुकान: मातीचा ढेरपोट्या वाणी, शेजारी तशीच भरलेली त्याची बायको, पुढ्यात द्रोणांतून डाळ, तांदूळ, गूळ, मिरे. सगळ्या गावात हा वाणी नुसता बसून असतो. आत्याच्या घरी मात्र त्याला धंदा करावा लागे. कोलू बघायला येणाऱ्या बायकापोरांना दुकानातून वाती, हळकुंडं, रांगोळी, गुळाचे खडे विकत मिळत, आणि दुकान चालवायचं घरातल्या, नाहीतर गल्लीतल्या, मुलानं.

पाचव्या वर्षी नाणं घ्यायचं, माल द्यायचा, सुटे परत करायचे, बस्स. सातव्या वर्षी भाव आपण ठरवायचा, आणि एकदा हो म्हटलं की शब्द फिरवायचा नाही. मागाहून कुणी जास्त देऊ केले तरी नाही, आणि रडू आलं तरी नाही. पुढं आणखी थोडं मोठं झाल्यावर घरात पडून असलेल्या वस्तूंकडं बघायला शिकायचं, कारण जी वस्तू वापरात नाही ती म्हणजे अडकून पडलेला पैसा. दहाव्या वर्षी दुसऱ्याचा माल विकायचा आणि दहात एक हिस्सा आपला ठेवायचा. एक नियम मात्र सगळ्या वयांना सारखा होता. खोटं सांगून विकलेला माल परत घ्यायचा, कितीही उशीर झाला तरी. खिडकीवरची पाटी फक्त इथं लागू नव्हती. प्रियानं एका वर्षी आदल्या आठवड्याचे चकलीसारखे मुरुक्कू ताजे म्हणून खपवले होते, तर आत्यानं तिला पैसे घेऊन तीन जिने उतरायला लावलं होतं आणि स्वतः वर कठड्याला टेकून बघत उभी राहिली होती.

आणि दुकानाची हद्द ठरलेली होती. वरच्या पड्यांवरचं देवाचं, त्याला हात लावायचा नाही; तळाच्या पडीवरचं दुकानाचं, ते सगळं विकायचं.

कोलूच्या अगदी वर, कलशाच्या शेजारी, मरपाचीची जोडी असे. रक्तचंदनाचा वीतभर राजा आणि वीतभर राणी, नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेले, अंगावर काही नाही. तिकडं लेकीच्या लग्नात आई तिला अशी जोडी देते आणि नव्या घरातला पहिला कोलू त्या जोडीनं मांडला जातो. आत्याच्या आईनंही घेऊन ठेवली होती. कुंभकोणमचं स्थळ होतं, तारीख धरलेली होती, आणि पत्रिका छापायला टाकायच्या आठवड्यात त्यांच्याकडून निरोप आला की जमत नाही. का जमत नाही ते कुणी सांगितलं नाही. त्या वर्षीच्या नवरात्रात आईनं फडक्यात बांधलेली जोडी काढून आत्याच्या हातात ठेवली, ‘तुझींच आहेत तीं,’ एवढं म्हणाली आणि सुंडलाला, नवरात्रातल्या प्रसादाच्या उसळीला, फोडणी घालायला आत निघून गेली. पुढच्या महिन्यात आत्या त्या खिडकीत जाऊन बसली. त्यानंतर तिच्याकडं जे काही आलं ते तिनं स्वतः मिळवलेलं होतं. कुणी दिलेलं असं हे एवढंच.

जोडी मांडायची ती आत्यानंच, आणि दसऱ्याला कोलू मोडायच्या आधी तिला आडवं ठेवून निजवायचंही आत्यानंच. त्या वेळी ती खोलीचं दार लोटून घ्यायची. जोडीला हात लावू नका असं तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळच आली नव्हती. इतक्या वर लहानांचा हात पोचत नसे आणि मोठ्यांना तिकडं बघायला फुरसत नसे.

यंदा घोटाळा झाला तो इथं. नवरात्राच्या तोंडावर आत्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्टुलावर चढायचं नाही म्हणून बजावलं. जोडी मी ठेवतो, प्रणवेश म्हणाला. नंदिताही म्हणाली. आत्यानं दोघांना वाटेला लावलं. दुसऱ्याच्या हातून ती जोडी वर चढवायची हे तिला पटेना. शेवटी तिनं स्वतःच्या हातानं, जिथवर हात पोचत होता तिथं, म्हणजे तळाच्या पडीवर, चेट्टियाराच्या बाजूला पसरलेल्या तांदळात राजाराणीला उभं केलं. यंदा इथं बसून जरा बाजार बघा, असं काहीतरी पुटपुटलीही. आपणच घातलेली हद्द आपण ओलांडतो आहोत हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सप्तमीच्या दुपारी ती प्रणवेशबरोबर डोळा दाखवायला गेली आणि काळा चष्मा लावून परत आली. प्रणवेश खाली स्कूटर लावत होता. वर प्रिया दारातच उभी होती, परकराचा घोळ नीट सावरून, चेहरा असा की जणू आत मोठा पाहुणा बसला आहे. तिनं आत्याचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि पुढ्यात तबक ठेवलं. तबकात विड्याची पानं, पानांवर नोटांची चळत, आणि उडू नये म्हणून वर हळकुंड.

आत्याला आधी हसूच आलं. गेली दोन वर्षं ती पोर माळ्यावरचा तांब्याचा बंब विकायच्या मागं होती. तोच गेला असणार, असं धरून आत्यानं भाव विचारला. प्रिया बाहेर सगळं तमिळमधून बोलायची, पण आत्याशी हिशोब करायचा तो मराठीतच, कारण हिशोब ती शिकली होती मराठीत. आठ हजार आले, ती म्हणाली. त्यातले आठशे माझे मी काढून घेतले, हे तुझे बहात्तरशे. घेणाऱ्या बाई पाच हजारांवर आल्या होत्या.

“मीं गप्प बसलें,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक भाव बोललें की गप्प बसायचं म्हणून तूं सांगटलीस नं? गप्प बसलें तर त्याच वर चढल्या.”

आत्याची छाती अशी फुगली की काय सांगावं. एवढी मोठी माणसं घर विकताना तोंड मिटून बसू शकत नाहीत आणि दहा वर्षांची पोर बसली. तिनं प्रियाच्या पाठीवर थाप मारली, नोटा मोजल्या, बरोबर भरल्या. मग बंब कोण घेऊन गेलं ते विचारलं.

“बंब कुठें? मरपाची,” प्रिया म्हणाली.

आत्याला आधी कळलंच नाही. तिनं पोरीकडं बघितलं, मग कोलूकडं. काळ्या काचांतून सगळंच अंधूक दिसत होतं, म्हणून तिनं चष्मा काढला, जो काढायचा नव्हता. चेट्टियार होता. त्याची बायको होती. बाजूच्या तांदळात दोन गोल खळगे होते आणि त्यांत काही नव्हतं. तिनं उठून जाऊन त्या खळग्यांत बोट घातलं, जणू जोडी तिथंच आहे आणि फक्त डोळ्याला दिसत नाही. तांदळाचे चार दाणे बोटाला चिकटले. ती मटकन खाली बसली, तीही वाकडी.

प्रिया घाबरून आईला हाका मारायला लागली. नंदिता स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, तबक बघितलं, रिकामी जागा बघितली, आणि तिच्या सगळं लक्षात आलं. ती दुपारभर आत वाटणघाटण करत होती. बाहेर कोण आलं, कोण गेलं, तिला पत्ता नव्हता. तिनं पोरीला दंडाला धरून ओढलं आणि हात उगारला. त्या हातानं आत्याला वाचा फुटली.

“मारूं नको तिला,” आत्या म्हणाली. “तिचं कांहीं चुकलें नाहीं.”

प्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हेका सुटला नव्हता. खालच्या पडीवरचं सगळं विकायचं असं आत्याच म्हणाली होती. जोडी खालच्या पडीवर होती. जे वापरात नाही ते विकावं असंही आत्याच म्हणाली होती. यात आपण चुकलो कुठं ते तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या घरात दुसऱ्या कुणालाही सांगता आलं नसतं. पोरीची बाजू चोख होती. एकच गोष्ट आत्यानं तिला कधी शिकवली नव्हती. काही वस्तू दुकानात येतच नाहीत, हे कोणत्या वर्षी शिकवायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं, कारण ते शिकवावं लागतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाइकाचा नंबर प्रियानं घेऊन ठेवलेला होता, तेही शिकवणीतलंच. अलमेलु म्हणून बाई होत्या, तिरुवैयारूच्या. शेजारणीबरोबर कोलू बघायला आल्या होत्या, त्यांच्या मुलीचं लग्न ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, होतं. नंदिता लगेच फोन लावायला निघाली. आत्यानं तिच्या हातातून फोन काढून घेतला. काय सांगणार होती ती? एकदा हो म्हटल्यावर शब्द फिरवायचा नाही, हे आत्यानं किती पोरांच्या डोक्यात हाणून बसवलं होतं. आता तिची वस्तू गेली म्हणून नियम वाकवायचा?

त्या संध्याकाळी बायका आल्या, त्यांना आत्यानं हळदीकुंकू दिलं, विडा दिला, सुंडल दिलं. कुणी यंदाच्या कोलूचं कौतुक केलं तर ती हो म्हणाली. पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एकीला तिनं दोनदा कुंकू लावलं. जेवायला बसली आणि भात चिवडून उठली. एवढ्याशा लाकडाच्या तुकड्यांनी आपलं असं व्हावं याचंच तिला नवल वाटत होतं, आणि स्वतःचा रागही येत होता.

सकाळी तिनं काठाची सुती साडी नेसली, बहात्तरशेंत आपले आठशे घालून रक्कम पुरी केली, चष्मा लावला, शेजारणीकडून अलमेलुचा पत्ता घेतला आणि प्रियाला चल म्हणाली. नंदितानं मी येते म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाली.

तिरुवैयारूची बस अर्धी रिकामी होती. एकामागून एक नद्यांचे पूल येत होते, मधूनमधून हिरवीगार शेतं, कालव्याच्या कडेनं सायकली. प्रिया खिडकीशी बसली होती. आत्या मनात वाक्यं जुळवत होती आणि एकही जुळत नव्हतं. ताई, चूक झाली. यात चूक कुणाची? पोरीला कळत नाही हो. पोरीला चांगलं कळतं, आठ हजार उगाच आले? इतकी वर्षं ती खिडकीच्या आत बसून बाहेरच्यांची तोंडं बघत आली होती, पैसे मोजून न घेता गेलेली आणि परत आलेली माणसं, ओशाळलेली, आर्जवं करणारी. आज ती बाहेर उभी राहायला निघाली होती, आणि पाटीवर काय लिहिलं आहे ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

अलमेलु मोठ्या मनाची बाई निघाली. दारात बघताच तिनं दोघींना आत ओढलं, कुंकू लावलं, ताक पुढं केलं. बोलणं सगळं तमिळमध्ये चाललं होतं. पुढच्या खोलीत लग्नाच्या वस्तू मांडायला सुरुवात झाली होती: समया, परात, स्टीलचे डबे एकावर एक, फळांसाठी रिकामी ताटं. आणि मधोमध पाटावर राजा आणि राणी.

आत्यानं त्यांना ओळखलं नाही. राणीला लाल रेशमाची साडी नेसवलेली होती, जरीचा काठ, निऱ्या घातलेल्या, गळ्यात पोत, कपाळाला टिकलीएवढं कुंकू. राजाला पिवळं सोवळं आणि फेटा. अलमेलुच्या लेकीनं, हरिणीनं, रात्रीत शिवलेलं होतं ते. आत्यानं इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर चिंधी चढवलेली नव्हती. तो विचारच तिच्या मनाला शिवला नव्हता. हातातला ताकाचा पेला तिला खाली ठेवावा लागला.

अलमेलु आपल्याच नादात होती. तुमची मुलगी फार हुशार आहे, ती म्हणाली, पण घेतली ती जोडी मी तिच्या हुशारीसाठी नव्हे. हल्ली रक्तचंदन मिळतं कुठं? दुकानात मिळतं ते रंगवलेलं. आणि जुनी जोडी घ्यावी तर ती कुणाच्या संसाराची असणार. कोण कशी नांदली, कुणाच्या घरात काय झालं, कोण जाणे. ते आपल्या मुलीच्या पदरात कशाला बांधायचं?

“म्हणून मी आधी हीच चौकशी केली,” अलमेलु म्हणाली. “तर तुमची मुलगी म्हणाली, आमच्या आत्याचं लग्नच झालं नाही, त्यामुळे ही कधी वापरलेलीच नाहीत. जुनी आहेत, पण नवीच आहेत. मग मी विचार केला नाही.”

प्रियानं मान डोलावली. भाव वर चढायला लागला तो याच वाक्यावर, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

आत्या तिच्याकडं बघतच राहिली. आदल्या दुपारी तांदळातले खळगे बघून ती खाली बसली होती, पण ते काहीच नव्हतं. पोरीच्या मनात लबाडी असती तर बरं झालं असतं. तिनं घरात दिसतं ते सांगितलं होतं. सगळ्या घराला, सगळ्या गावाला जे दिसत होतं तेच. आत्याचं लग्न झालं नाही, तेव्हा तिच्याकडं जे आहे ते बिनवापराचं. आणि आत्यानंही ते कधी खोडून काढलं नव्हतं. तिला संताप आला, इतका की कानशिलं तापली, आणि त्या संतापातच तिला ते वाक्य सापडलं जे बसमध्ये जुळत नव्हतं.

तिनं पैसे काढून पाटाशेजारी ठेवले.

“अम्मा, तुम्हाला माल खोटा सांगून विकला आहे,” ती म्हणाली. “तो परत घ्यायला मी आले आहे. ही जोडी नवी नाही. वापरलेली आहे.”

अलमेलुला काही समजेना. वापरलेली म्हणजे काय, तिनं विचारलं. तुमचं लग्न झालं आहे का?

“नाही,” आत्या म्हणाली. तिचा आवाज खिडकीतला होता, मोजका आणि कोरडा. “ही मला माझ्या आईनं दिली. माझा संसार झाला तो यांच्याशी. दर वर्षी दसऱ्याला दार लावून यांना निजवते तेव्हा वर्षभराचं सगळं यांना सांगते. माझी आई गेली ते, पगार वाढला ते, माझ्या छातीत गाठ आली होती ते. घरात आजवर कुणाला ती गाठ माहीत नाही, यांना माहीत आहे. लग्न मोडलं त्या वर्षी मी यांना भिंतीवर आपटलेलंही आहे. राणीच्या पायाशी बघा, साडीखाली, टवका उडालेला आहे.”

हरिणी दारात येऊन उभी होती. तिनं पुढं होऊन राणीची निरी जरा वर केली. टवका होता.

प्रियाचं तोंड उघडं राहिलं होतं. आत्या दार लोटून घेते ती कपडे बदलायला, असं ती आजवर समजत आली होती. छातीतली गाठ हे तिला कळलं, भिंतीवर आपटणं त्याहून कळलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती आत्याकडं घाबरून बघत होती.

अलमेलुनं पैसे उचलले. रागावली असती तर तिला कोण काय म्हणणार होतं? लग्नाचं घर, मुहूर्त जवळ आलेला, आणि एक परकी बाई येऊन आपला मोडलेला संसार उंबऱ्याच्या आत सांगून बसली. पण ती म्हणाली इतकंच, की बरं झालं आत्ताच सांगितलंत. मग हात पुढं करून तिनं राणीच्या साडीची गाठ सोडायला घेतली.

“असू दे, अम्मा,” हरिणी तिला म्हणाली. “कपडे त्यांचेच आहेत आता.”

आत्याला नको म्हणायचं होतं. तिनं जन्मभर कुणाचं काही फुकट घेतलेलं नव्हतं. पण तिनं नको म्हटलं नाही. मुलगी जोडी टॉवेलात गुंडाळत होती तिकडं ती बघत राहिली, आणि उठताना त्या परक्या मुलीच्या गालावर हात ठेवून तिनं तिला मराठीत आशीर्वाद दिला, जो तिला कळला नसावा.

बसला गर्दी होती, पण दोघींना जागा मिळाली. बोचकं आत्याच्या मांडीवर होतं. पहिला पूल मागं पडला. मग प्रियानं परकराच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि आत्याच्या हातात दिल्या. आठशे होते.

“मला माहीत नव्हतें तरी खोटेंच झालें कां तें?” तिनं विचारलं.

“गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?” आत्या म्हणाली. तिनं नोटा मोजल्या आणि कमरेला खोचल्या.

प्रियानं ते मान्य केलं. खिडकीबाहेर भाताची शेतं मागं पळत होती आणि कंडक्टर पुढं कुणाशी तरी सुट्यावरून भांडत होता. थोड्या वेळानं तिनं बोचक्यावर हात ठेवला, आधी बोटं आणि मग सगळा तळवा, आणि आत्याकडं न बघताच विचारलं की निजवताना त्यांना माझंही सांगतेस कां.

“तुझेंच अधिक,” आत्या म्हणाली. “काय शिकलीस, कुठें चुकलीस. मुरुक्कूचंही सांगटलें आहे.”

दसरा आता दोनच दिवसांवर होता.

“मग यंदा काय सांगशील?”

आत्यानं मांडीवरचं बोचकं उचललं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं.

“यंदा तूं सांग.”